अभनपूरच्या बागेत आई

बाबा रेल्वेतून निवृत्त झाले आणि रायपूरमधलं गुढियारीचं घर सोडून आईला घेऊन अभनपूरच्या पुढे, लहानशा शेतावर राहायला गेले. एक गाय, थोड्या शेळ्या, डबक्यात बदकं. उरलेली जागा आईच्या फुलांची. पाऊस ओसरला, सकाळी दव पडू लागलं, की ती पदर खोचून झेंडू आणि शेवंती तोडायला लागायची. नवरात्रात तिची फुलं शहरात, पुरानी बस्तीतल्या देवळात जायची. मी रजा काढायची ती त्याच दिवसांत.

बाबा गेल्यावरही ती तिथंच राहिली. मागच्या हिवाळ्यात गोठ्यात पाय घसरून तिचा खुबा मोडला, तेव्हा मात्र मी तिला रायपूरला माझ्या फ्लॅटवर आणलं. जनावरं गावात वाटली गेली. गाय गाभण होती, ती शेजारच्या बाईंनी नेली.

आईनं तक्रार केली नाही. गॅलरीत बसल्या बसल्या कधी म्हणायची, "तिकडं आता दव पडून राहिलं असन नं?"

यंदा आश्विन लागला आणि एका रविवारी ती चांगली साडी नेसून दारात उभी राहिली. "मले एकडाव गाय दाखव."

गेलो. शेतात कमरेइतकं गवत माजलं होतं आणि त्यात जिथं तिथं झेंडू आपोआप उगवला होता. मला वाटलं आईला रडू येईल. ती म्हणाली, "इतकी दाटी झाल्यावर फूल बारीकच येनार," आणि काठी टेकून रोपं उपटायला लागली.

शेजारी गाय वासराजवळ बांधली होती. आईनं हाक मारली. गाईनं मान वळवली, तिचा हात हुंगला आणि पुन्हा चाऱ्यात तोंड घातलं.

बाई ओशाळल्या. "पहचानती है दीदी, खाने का टाइम है न."

"हव, खाऊ दे तिले," आई म्हणाली. वासराच्या कपाळावर ती कितीतरी वेळ हात फिरवत राहिली.

परतताना मी म्हटलं, "दसऱ्याला पुन्हा येऊ."

"तू येजो. मी नाही येत."

"काहून?"

"आल्यावर जावं वाटत नाही वं." बाकी रस्ताभर ती खिडकीबाहेर पाहत होती.

दसऱ्याला मी एकटीच गेले. फुलं तोडायला वाकले, पण कुठली घ्यायची आणि कुठली झाडावर ठेवायची ते कळेना. आईला फोन लावला.

"पुरी उमललेली घे. देठ नखानं तोड, ओढू नको," ती सांगत गेली. मी तोडत गेले. टोपली भरली तसं बोलणंही संपलं. पलीकडून तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"ठेवू का गं?" मी विचारलं.

"थांब जराशी," आई म्हणाली. "असाच चालू राहू दे."