फाट्यावर द्यायची बाटली

मंगळवारी सकाळी सव्वासहा वाजता ताई गेली. मी स्टोव्हवर चहा ठेवला होता. तिने हाक मारली नाही म्हणून मी जाऊन पाहिलं. मग स्टोव्ह बंद केला आणि शेजाऱ्यांचं दार वाजवलं.

फळीवर तिच्या औषधाची बाटली होती. त्या काळी कंपाउंडर बाटलीवर कागदाची एक उभी पट्टी चिकटवत असे. पट्टीला खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. ताईच्या बाटलीत तीन खाचांएवढं औषध उरलं होतं.

ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. ती शाळेत शिकवायची, मी दुसऱ्या एका शाळेच्या ग्रंथालयात होते. दोघींनीही लग्न केलं नाही. दादरच्या एका खोलीत आम्ही राहत होतो आणि महिन्यातल्या एका रविवारी सकाळी निघून संध्याकाळी परतायचं असा तिचा शिरस्ता होता. बहुतेक वेळा कर्जत. तिथून एसटीने खालापूर, नदीकाठच्या देवळाच्या ओट्यावर दशमी खायची, दुपारच्या गाडीने परत. तिकिटं ती काढायची. गाडी कुठे लागते ते तीच विचारायची. कंडक्टरशी तीच बोलायची, कधी भांडायचीसुद्धा. माझ्याकडे पिशवी असायची आणि एक पुस्तक. चौतीस वर्षांची होईपर्यंत मी एकदाही स्वतःसाठी तिकीट काढलं नव्हतं. हे लिहायला आज लाज वाटते, पण तेव्हा त्यात वेगळं काही आहे असं मनातही येत नसे.

तेराव्याला भाऊ इंदूरहून आला. जाताना म्हणाला, "कार्तिक संपला की येतो. सामान आवरून ठेव. खोली सोडून देऊ. तू एकटी इथे काय करणार?"

तो रागाने बोलला नव्हता. काय करणार, हे मलाही माहीत नव्हतं. जिन्यात पावलं वाजली तरी मी उठून दाराची कडी बघायचे. दुधाच्या केंद्रावरच्या बाईला "दोन नको, एकच द्या" हे सांगायला मला आठ दिवस लागले. पण इंदूरला जायचं नव्हतं. तिथे भावाच्या घरात एका कोपऱ्यात माझी खाट असेल, आणि कोणी विचारलं की "आमच्याकडे असते" असं सांगतील, ते मला डोळ्यांपुढे दिसत होतं.

म्हणून मी मनाशी दोन अटी ठरवल्या. एका रविवारी एकटीने खालापूरपर्यंत जायचं आणि दिवे लागायच्या आत घरी यायचं. जमलं तर भावाला कळवायचं की खोली सोडायची नाही. नाही जमलं तर ट्रंक भरायची. हे मी कोणालाही सांगितलं नाही.

दादरच्या तिकीटखिडकीवर तोंडातून "दोन रिटर्न कर्जत" असंच निघालं. बाबूने दोन तिकिटं सरकवली. एक परत करा, असं म्हणायचा धीर झाला नाही. दोन्ही मुठीत धरून मी गाडीत बसले, आणि कर्जत येईपर्यंत तपासनीस आला आणि दोन का म्हणून विचारलं तर काय सांगायचं, हेच घोकत राहिले. तपासनीस आलाच नाही.

कर्जतच्या एसटी स्टँडवर खालापूरची गाडी लागलेली होती. पाटी मी तीनदा वाचली. चढणार तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ ताई."

मला ताई म्हणणारं कोणी नव्हतं. मी वळून ताईला शोधलं.

एक चाळिशीचा माणूस उभा होता. डोक्याच्या मुंडाशात, बाह्यांवर, भुवयांवरसुद्धा गवताच्या काड्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली.

"खालापूरच्या गाडीला का तुमी? तेवढी बाटली न्याल? चौकच्या अलीकडं फाटा हाय, मोठा उंबर हाय तिथं. माझी बहीण उभी आसंल. खिडकीतनंच द्या. तिची लेक बाळंतपणाला आलीय, ताप उतरत नाय. मीच गेलो असतो, पन आज मालगाडीच्या वाघिणीत गवत भरायचंय. मालगाडी काय थांबते का? मुकादम सोडत नाय."

"कंडक्टरकडे द्या," मी म्हणाले.

"तो इसरतो. तुमी शिकलेल्या दिसता." माझ्या हातातल्या पुस्तकाकडे त्याने मान केली, बाटली दिली आणि पळत सुटला.

मला खिडकी मिळाली. बाटली पिशवीत ठेवली आणि पिशवी मांडीवर. कागद एका बाजूने सुटला होता आणि त्यातून खाचांची पट्टी दिसत होती. महिन्यापूर्वी ज्या घरातून मयत निघालं त्या घरातली मी. माझ्या हातून बाळंतिणीला औषध जाऊ नये, असं मला वाटू लागलं. शिकलेल्या बाईने असलं काही मानू नये. मी मानत होते. पुस्तक उघडून मी एकाच ओळीवर डोळे ठेवले.

भातं कापून झाली होती. शेतांत भाऱ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या, उजवीकडे माथेरानचा डोंगर. दर थांब्याला मी मान वर करून उंबर शोधत होते. शेवटी तो दिसला. त्याच्या खाली हिरवं लुगडं नेसलेली एक बाई हात वर करून उभी होती. कमरेला विळा.

गाडी थांबली. दोघे उतरले, चौघे चढले. बाई गाडीच्या कडेकडेने चालत एकेका खिडकीत पाहू लागली. "बाटली हाय का कुनाकडं? कर्जतवरनं दिलीय, बाटली?"

मी ऐकलं. माझ्या शेजारी दोन माणसं होती, मधल्या जागेत टोपल्या, आणि आत्ता मी बोलले की सगळे माझ्याकडे वळून पाहणार होते. ती माझ्या खिडकीपाशी आली. तिने वर पाहिलं. आमची नजर भेटली. मी पुस्तकात पाहिलं.

"नाय वं मावशी, पुढच्या गाडीला बघा," मागून कोणीतरी म्हणालं. कंडक्टरने दोरी ओढली, दोनदा घंटी झाली, गाडी निघाली.

त्यानंतरची पाच-सात मिनिटं मी आयुष्यात कधी विसरले नाही. बाटली मांडीवर होती आणि गाडी तिला तिच्या माणसांपासून लांब नेत होती. मी काहीही केलं नाही तर कोणाला कळणारही नव्हतं. खालापूर येईल, मी ओट्यावर बसेन, परत जाईन, अट पुरी होईल. ताईच्या शेवटच्या आठवड्यात दर चार तासांनी मी खाच बघून औषध ओतायचे. त्या बाळंतिणीच्या घरी खाच कोण बघणार होतं? बाटलीच नव्हती.

पुढचा थांबा आला तेव्हा मी उभी राहिले होते. कशी, ते आठवत नाही.

"ओ बाई, तुमचं खालापूरचं हाय," कंडक्टर म्हणाला.

"उतरायचंय."

"इथं? हितं काय हाय?"

"उतरायचंय," मी पुन्हा म्हणाले. तो बाजूला झाला.

गाडीची धूळ बसली आणि रस्त्यावर मी एकटी उरले. ताईशिवाय मी कधी मोकळ्या रस्त्यावर चालले नव्हते. दोन मैल तरी असतील. भर दुपार होती, पण मला अंधारात चालल्यासारखं वाटत होतं. कुठेतरी खळ्यावर भात झोडत होते, त्याचे आवाज येत होते. माणसं दिसत नव्हती. ओढ्यावरच्या एका मोरीवर कुत्रं झोपलेलं होतं. ते उठेल म्हणून मी शेतात उतरून वळसा घातला आणि पायांना कापलेल्या भाताची खुंटं टोचली. मग एक सायकलवाला मला ओलांडून पुढे गेला, थांबला आणि वळून परत माझ्याकडे येऊ लागला. मी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"वाट चुकलात काय? चौक तिकडं राहिला," त्याने विचारलं.

"उंबराच्या फाट्याला," मी म्हणाले.

"मंग बरोबर हाय." तो निघून गेला. मी पिशवी खाली घेतली आणि पुन्हा चालू लागले.

ती बाई गेली असेल, ही भीती सगळ्यांत मोठी होती. पण ती पुढच्या गाडीची वाट बघत उंबराखाली बसली होती. तिच्याजवळ गवताचा भारा टेकवून दुसरी एक बाई बसली होती, डोंगराकडच्या ठाकरवाडीतली. मी बाटली पुढे केली. हिरव्या लुगड्याची बाई ती घेईना. आधी माझ्याकडे पाहत राहिली.

"मी बघितलं तुमाला. खिडकीत व्हत्या. माझ्याकडं बघून पुस्तकात बघितलंत."

"हो."

"का वं?"

"घाबरले."

"कुनाला?"

"हाक मारायला," मी म्हणाले.

गवतवाली हसली. "हाकेला भ्याली. आन् उन्हाची चालत आली गं ही."

"तुला हसायला येतंय," पहिली तिला म्हणाली, पण तिचाही चेहरा थोडा सैल झाला. तिने बाटली घेतली. "कसं द्यायचं हे?"

बाटलीवरच्या चिठ्ठीवर कंपाउंडरने लिहिलेलं मी वाचून दाखवलं. दिवसातून तीन वेळा, आधी बाटली हलवायची. खाचेवर बोट ठेवून डोस कसा मोजायचा ते दाखवलं. बोट खाचेवर बरोबर पडलं. मग राहवेना म्हणून सांगून टाकलं. "माझी बहीण गेली. महिना झाला. माझ्या हातून हे औषध..."

तिने बाटली उन्हाकडे धरून पाहिली. "बूच घट हाय ना?"

"हो."

"मंग झालं," ती म्हणाली आणि बांधावरून जवळजवळ धावतच निघाली.

आता खालापूरला जायला वेळ नव्हता. कर्जतकडे जाणारी गाडी आली तेव्हा मी हात केला, आणि ती थांबत नाही असं दिसताच ओरडले, "थांबा, ओ, थांबा." तो आवाज मला परका वाटला. गाडी माणसांनी भरलेली होती. ती थांबली नाही.

"आला आवाज," गवतवाली म्हणाली. "पन गाडी गेली."

मी तिच्या भाऱ्याला हात लावला. तिला निघायचं असेल, तो उचलून द्यावा म्हणून. तिने माझ्याकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं आणि पुन्हा बसली. "थांबते. उजेड हाय तवर."

ऊन डोंगराकडे सरकत गेलं. गाडी नाही आली तर? अंधार पडल्यावर ही बाई गेली तर? मी दर थोड्या वेळाने विचारायचे, "येईल ना?" ती म्हणायची, "येती." चौथ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "आता इचारलंस तर नाय यायची."

गाडी आली तेव्हा ती भारा तसाच ठेवून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ब्रेक करकरले.

"मरायचंय का गं?" कंडक्टर दारातून म्हणाला.

"मरत नाय. ही बाई घे. पुढं बसव, घाबरट हाय."

गाडीतली माणसं हसली. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी चढले.

दादरला उतरले तेव्हा दिवे कधीच लागले होते. दोन्ही अटी मोडल्या होत्या. खोलीत येऊन दाराला कडी लावली. मग टेबलाशी बसून भावाला पत्र लिहिलं. मी इथेच राहते, काळजी करू नकोस, रविवारी एकटी खालापूरला जाऊन आले, असं लिहिलं. शेवटचं खोटं होतं.

ते खरं करायला मी पौषात पुन्हा गेले. फाट्यावर गाडी थांबली तेव्हा हिरव्या लुगड्याची बाई नव्हती. माघातही नव्हती. प्रत्येक वेळी मी खिडकीतून उंबराखाली पाहायचे आणि ती न दिसली की पुढचा रस्ताभर तिच्या लेकीचाच विचार चालायचा. फाल्गुनात ती दिसली. करवंदांच्या जाळीच्या काट्या डोक्यावर घेऊन उभी होती. मी खिडकीतून मान बाहेर काढली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "लेक कशी आहे?"

तिने वर पाहिलं. ओळखायला एक क्षण लागला. "बरी हाय. सासरी गेली," ती म्हणाली. "आज काय, पुस्तक नाय आनलं?"

तेव्हा जिल्हा कुलाबा होता, आता पाट्यांवर रायगड लिहितात. मी अजून जाते, महिन्यातून एकदा. पाटी तीनदा वाचते आणि तरी चढताना कंडक्टरला विचारते. दिवे लागायच्या आत परत येते. भीती गेलेली नाही.

खोली सोडली नाही. ताईची बाटली फळीवर आहे. पट्टी पिवळी पडली आहे, औषध वाळून गेलं आहे, आणि तळाला एक डाग आहे.