थोलकाकांचा चौथा खंड

थोलकाकांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वर जायचं आणि आवाज यायचा, "थांब. लिही हे." मी पुस्तक मांडीवर पालथं घालायची आणि शेजारच्या गठ्ठ्यातून कागदाचा कपटा ओढायची. मला जांभई आलेली असो, शाळेच्या वह्या तपासायच्या राहिलेल्या असोत, ते बोट एकदा वर गेलं की वाक्य लिहून होईपर्यंत खाली येत नसे.

एकाच गोष्टीच्या मागे लागून आयुष्य काढणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोणी नाणी जमवतो, कोणी जुन्या चाव्या. आमच्या मुलुंडच्या दुमजली इमारतीत, तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहणाऱ्या या गृहस्थांनी एक शब्द जमवला होता. तोही आपला नव्हे, इंग्रजांचाही नव्हे. स्कॉट लोकांच्या घरगुती भाषेतला. तो शब्द 'थोल', म्हणून इमारतीतली पोरं त्यांना थोलकाका म्हणत आणि हळूहळू पोस्टमनसुद्धा म्हणू लागला. मीही इथे तेच नाव वापरते. त्यांचं खरं नाव कागदावर उतरवायला माझा हात धजत नाही. का, ते पुढे येईलच.

काका फोर्टमधल्या एका कंपनीत हेडक्लार्क होते. वरचा साहेब स्कॉटलंडचा. काकांचा मुलगा विषमज्वराने अंथरुणाला खिळला होता तेव्हा ते रजा मागायला गेले. वर्षअखेरीचं काम अंगावर होतं. साहेबाने मान वर न करता सांगितलं, "थोल इट, मॅन." काकांना वाटलं, शिवी दिली. ऑफिसातला जाडजूड इंग्रजी कोश उघडून पाहिला तर त्यात अर्थ निघाला, होडीचं वल्हं अडकवायची खुंटी!

"आता सांग," काका मला म्हणत, "घरात पोरगं तापाने फणफणलंय आणि साहेब मला खुंटी का म्हणतोय?"

मुलगा वाचला. वर्षभराने साहेबाला तार आली, त्याची आई गेल्याची. काका सहीचे कागद घेऊन आत गेले, तर साहेब भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि तोच शब्द स्वतःशी पुटपुटत होता. काका कागद न ठेवताच बाहेर आले. पुढे धीर करून त्यांनी विचारलं, तेव्हा साहेब चमकला आणि दुसऱ्या दिवशी घरून एक पुस्तक घेऊन आला. तिथून हे सुरू झालं. साहेब मायदेशी परतताना निळ्या पुठ्ठ्याचे सहा खंड काकांना देऊन गेला. जुने खटले, चर्चच्या पंचायतींची दप्तरं, असलं काहीबाही त्यात होतं. तिकडे त्या भाषेचा एक मोठा कोश तयार होत होता. प्रत्येक शब्द कोणत्या सालात कोणत्या अर्थाने वापरला गेला, हे दाखवणारा. काका घरबसल्या त्याला उतारे पुरवू लागले.

पद्धत ठरलेली होती. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा कपटा. डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली साल, मग पुस्तक आणि पान, मग ते संपूर्ण वाक्य जसंच्या तसं, आणि खालच्या कोपऱ्यात वाचणाऱ्याची आद्याक्षरं. एका कपट्यावर एकच वाक्य. याला ते स्लिप म्हणत.

"मामुली वाटलं तरी लिहायचं," हे त्यांचं पालुपद. "चमत्कारिक वाक्य कोणीही उचलतो गं. साधं वाक्य सुटतं. आणि शब्द जगतो तो साध्या वाक्यांवर."

चहा पिता पिता ते मला त्या शब्दाचा जन्म सांगत. मुळात सोसणं. दुखणं थोलायचं, थंडी थोलायची. मग कोर्टकचेरीत गेला, खटल्याला उभं राहणं म्हणजेही थोलणं. मग राजेरजवाड्यांच्या कागदांत परवानगी देणं, एखादी गोष्ट होऊ देणं. आणि घरात, चुलीपाशी, नुसतं जरा दम धर. "साहेब मला यातलं नेमकं काय म्हणाला होता, ते अजून ठरत नाही," असं म्हणून ते हसत. हसताना मात्र त्यांचा चेहरा लहान व्हायचा.

काकू देवगडच्या बाजूच्या. त्यांचा राग शब्दावर नव्हता, डब्यांवर होता. कोरे कपटे, पत्रं आणि पाठवलेल्या स्लिपांच्या नकला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांतून रचलेल्या असत. "एका शब्दान माजे पाच डबे खाल्ले गो बाय!" त्या म्हणत. "दिवाळीचे लाडू आता ह्यांच्या डोक्यावर ठेवू?" तरी दर महिन्याला कापूर बदलून वाळवी लागली नाही ना हे त्याच बघत. परदेशी तिकिटांची पत्रं येतात म्हणून पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याने काका हेर असल्याची आवई उठवली होती, तेव्हा काकूंनी त्याला शिवायला दिलेलं पोलकं अर्धवट परत आणलं.

मग काकांना काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेना, मग अक्षरं जाऊ लागली. तीन खंड झाले होते, तीन राहिले होते. मुलगा नोकरीसाठी परगावी होता. मी वरच्या मजल्यावर आईवडिलांबरोबर राहत होते, नुकती बी.ए. होऊन मुलुंडातल्याच शाळेत शिकवू लागले होते. काकूंनी जिन्यात गाठून विचारलं आणि मी हो म्हटलं. शाळेतून आल्यावर पाच ते सहा. मोबदल्यात काकूंचा चहा आणि कधी खापरोळ्या.

काकांचं यात काय पणाला लागलं होतं, ते मला नीट माहीत होतं. म्हणजे अजाणतेपणाचा आडोसा मला नाही. कोश तेव्हा पहिल्या काही अक्षरांतच रेंगाळत होता. आपल्या शब्दाची पाळी येईपर्यंत आपण नसणार, हे काका हसत सांगत. त्यांना छापील पानात नाव नको होतं. पण बत्तीस वर्षं दुसऱ्याने सांगितलेलं नकलून काढण्यात गेली होती, आणि आता समुद्रापलीकडचा एक विद्वान संपादक त्यांच्या शब्दावर विसंबत होता.

"माझी स्लिप तो पुन्हा तपासत नाही," ते एकदा मला म्हणाले. "तपासणार कधी? त्याने माझ्यावर सोडलंय गं सगळं." हे सांगताना त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं होतं, कोणी भेटायला आल्यासारखं.

चौथा खंड भयंकर होता. एका गावच्या चर्चच्या पंचांचं दप्तर. रविवारी पाणी भरायला कोण गेलं, कोण कोणाला काय बोललं, दंड, माफी, पुन्हा दंड. भाषा दगडासारखी, वाचता वाचता जीभ दुखायची. माझी बी.टी.ची, म्हणजे शिक्षकी पदवीची परीक्षा तोंडावर आली होती. एका संध्याकाळी दोन पानं एकदम उलटली गेली. चुकून. माझ्या लक्षात आलं, पण मी मागे गेले नाही. वाचत राहिले. काका डोळे मिटून ऐकत होते, त्यांना काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चार पानं उलटली, आणि ते चुकून नव्हतं. पुढे पुढे तर मला त्यात कसब आलं. वाक्य जिथे संपायचं तिथेच पान उलटायचं, आवाज ढळू द्यायचा नाही. त्याच आठवड्यात वर्गात धड्यातला परिच्छेद गाळून वाचणाऱ्या एका मुलीला मी बाकावर उभी केली होती. एवढा निर्लज्जपणा माझ्यात कुठून आला, याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

खंड संपला. अकरा स्लिपा निघाल्या. आधीच्या प्रत्येक खंडात साठ-सत्तर होत्या. "थोड्याच निघाल्या," एवढंच काका म्हणाले आणि चौथा खंड पुरा वाचल्याचं पत्र स्लिपांसोबत रवाना झालं.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, पाचवा खंड चालू असताना, त्यांनी बोट वर केलं. वाक्यात तो शब्द आलाच नव्हता. मी थांबले.

"त्या म्हातारीचं आलं नाही गं," ते म्हणाले.

"कोणत्या म्हातारीचं?"

"चौथ्या खंडातल्या. शेजाऱ्याचं सरपण उचलल्याचा तिच्यावर आळ होता. पंच विचारत होते, बरोबर कोण होतं? ती म्हणाली, मुलीचं नाव माझ्याकडून निघणार नाही, बाकी जे काय असेल ते मी थोलीन. साहेबांनी ऑफिसात मला वाचून दाखवलं होतं. निळं पुस्तक, चौथा खंड. मी रोज वाट बघत होतो. आज येईल, उद्या येईल."

खरं सांगायला तेवढा एक क्षण होता. मी म्हटलं, "साहेबांनी दुसऱ्या कुठल्या पुस्तकातलं वाचलं असेल, काका. इतक्या वर्षांची गोष्ट. आठवणीत घोटाळा होतो."

आंधळ्या होत चाललेल्या माणसाला मी त्याची आठवणही खोटी आहे म्हणून सांगितलं.

"असेल," काका म्हणाले. "वाच पुढे."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर टेबलावर पुस्तक नव्हतं. कोरा कागद, टाक आणि दौत होती. "आज पत्र लिहू या," ते म्हणाले आणि संथपणे इंग्रजीत मजकूर सांगू लागले. महाशय, चौथा खंड पूर्ण वाचल्याचं मी कळवलं होतं. ते बरोबर नव्हतं. माझी दृष्टी अधू झाल्याने बरीच पानं सुटली आहेत. त्या खंडातल्या माझ्या सर्व स्लिपा रद्द समजाव्यात आणि तो खंड न वाचलेला धरावा. यापुढे माझ्याकडून स्लिपा येणार नाहीत.

माझा हात 'दृष्टी' या शब्दापाशीच थबकला होता.

"लिहिलंस?"

"काका..."

"लिही. अक्षर नीट काढ."

मी लिहिलं. त्यांनी चाचपडत सही केली, ती ओळीच्या बरीच खाली गेली. पाकीट मीच बंद केलं आणि नाक्यावरच्या पेटीत मीच टाकलं. पेटीपाशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. तिथून खोली शंभर पावलांवर होती. परत जाऊन दोन वाक्यं बोलले असते तरी पुरलं असतं. मी घरी गेले आणि परीक्षेचा अभ्यास काढून बसले.

आठवडाभर मी काकांचं दार टाळून जिन्याच्या दुसऱ्या बाजूने ये-जा केली. मग काकूंनीच हाक मारली, चहा दिला. काका मला परीक्षेचं विचारत, मिठागरांकडून येणाऱ्या वाऱ्याबद्दल बोलत, आरे कॉलनीचं बाटलीतलं दूध पातळ असतं की नाही यावर काकूंशी वाद घालत. एका शब्दाने त्यांनी मला टोचलं नाही. वाचायलाही पुन्हा सांगितलं नाही. टोचलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. त्या वागण्याने माझी रडायची सोयच राहिली नाही.

मे महिन्यात ती दोघं गावी गेली. जूनमध्ये काका तिकडेच वारले, झोपेत. खोली रिकामी करायला काकू एकट्या आल्या. डबे त्यांनी घासूनपुसून बरोबर घेतले, त्यातल्या नकलांची पुडकी बांधली आणि सहा निळे खंड माझ्या दारात आणून ठेवले.

"तुज्याकडेच रवांदेत," त्या म्हणाल्या. "ह्ये म्हणत, चेडू वाचता ब्येस. आवाज बरो आसा."

त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि मग मला रडू आलं.

चौथा खंड मी पहिल्या पानापासून पुन्हा वाचला, मोठ्याने. मनातल्या मनात वाचायचा धीर होईना, पुन्हा पान सुटेल अशी भीती वाटे. आईला वाटलं, मी परीक्षेत नापास झाल्याचा परिणाम आहे. होय, त्या वर्षी मी नापासही झाले. दीड महिना लागला. आधीच्या अकरा धरून अठ्ठावन्न स्लिपा झाल्या. म्हातारी होती. काका म्हणाले होते तशीच, सरपणासकट, मुलीसकट. एकदम उलटलेल्या पानांपैकी एकावर, डाव्या बाजूला, अगदी वरच.

स्लिपा पाठवल्या. तिकडून लगेच विचारणा आली. प्रत्येक स्लिपेच्या खालच्या कोपऱ्यात वाचणाऱ्याची आद्याक्षरं असावी लागतात, इथे तो कोपरा कोरा आहे, वाचक कोण? काकांची अक्षरं घालणं म्हणजे आणखी एक खोटं झालं असतं, आणि माझी घालायला मी बिचकले होते. त्या उत्तराला मला चार दिवस लागले. वाचक मी, असं मी लिहिलं. यापूर्वीही वाचणारी मीच होते. पानं माझ्या हाताने, जाणूनबुजून सुटली. त्या गृहस्थांच्या दृष्टीचा त्यात काही दोष नव्हता, त्यांनी माझ्यावर पांघरूण घातलं. सही केली, नाव पूर्ण लिहिलं. ते वारले हे मात्र माझ्याच्याने लिहवलं नाही.

दोन महिन्यांनी पत्र आलं. संपादकाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं, पाच ओळींचं. स्लिपा दाखल करून घेतल्या आहेत. काकांचं पत्र दप्तरातून काढता येत नाही, पण माझं पत्र त्याला टाचून ठेवलं आहे. आणि शेवटी, त्या सद्गृहस्थांना कृपा करून आमचा निरोप द्यावा. ते जे पाठवतील ते पूर्वीप्रमाणेच, न तपासता, आम्ही घेत राहू.

ते पत्र हातात घेऊन मी भराभर जिना उतरले आणि कोपऱ्यातल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दार उघडं होतं. उंबऱ्याशी नव्या बिऱ्हाडाच्या चपला होत्या, आणि आतून एक बाई बाहेर येत मला विचारत होती, "कोण पाहिजे?"