खंडेनवमीला पुजलेला काचेचा जुडगा

मुलांनो, काल फोनवर तुम्ही विचारलंत, इंटरनेटची काचेची तार आजीने शोधली हे खरं का. खरं नाही. तुमच्या आईची ही थाप तुमच्या शाळेत पोचायच्या आत, काय घडलं ते लिहून ठेवते.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती आणि मी भौतिकशास्त्रात संशोधन करत होते. काचेची कांडी ज्योतीवर वितळवायची, तिचा केसाएवढा तंतू ओढायचा, असे शेकडो तंतू नीट क्रमाने बांधायचे. जुडग्याच्या एका टोकाशी अक्षर ठेवलं की दुसऱ्या टोकाला ते दिसलं पाहिजे. सरांनी बजावलं होतं, "दसऱ्यानंतरच्या सोमवारी अक्षर दाखवा. नाहीतर तुमचं टेबल दुसऱ्याला देतो."

त्यात हरताळ. प्रयोगशाळा बंद. टोकं घासून गुळगुळीत करायला जुडगा गिरगावात घरी आणला. खंडेनवमीला पॉलिशची पूड आणायला दादरला गेले, तर ट्राम बंद पडल्या. चालत परत आले. पाहते तो पाटावर बाबांचं पेन, विळी, कात्री आणि मधोमध माझा जुडगा. दोन्ही टोकांना हळदकुंकू.

"आई, हे काय केलंस?"

"अगं, सगळ्यांची हत्यारं पुजली. तुझं तेवढं वगळू?"

"आणि तेल कशाला?"

"कोरडी हळद काचेवर टिकेना."

काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "वहिनी, केरसुणीची पूजा लक्ष्मीपूजनाला असते. तुम्ही घाई केलीत."

स्टोव्हच्या स्पिरिटने टोकं पुसली. कुंकू गेलं. तेल मात्र तंतूंच्या फटींतून आत शिरलं होतं, ते काही केल्या निघेना.

सोमवारी सरांनी जुडग्याखाली 'क' ठेवला. वर करडा डाग दिसला. झालं ते मी सांगितलं. त्यांनी टोकावर बोट फिरवून ते नाकाशी नेलं.

"बाई, थोड्या तेलाने एवढा प्रकाश गेला कुठे?"

"तंतूच्या आत तो परावर्तित होत पुढे जातो, सर. तेल लागलं की तिथून बाहेर निसटतो."

"मग किती निसटतो ते मोजा. टेबल राहू द्या."

टेबल राहिलं, आणि पुढली कित्येक वर्षं मी काचेला तेल फासत बसले. तंतूभोवती वेगळ्या काचेचं वेष्टन घातलं की प्रकाश निसटत नाही, असा निष्कर्ष मी काढला. तो परदेशात आधीच छापून आला होता. ते मासिक आमच्याकडे बोटीने आलं, माझं लिहून झाल्यावर. प्रबंधात मी हळदकुंकू प्रामाणिकपणे नमूद केलं होतं, सरांनी ते खोडून 'तेलाचा संपर्क' केलं. आई मात्र चाळभर सांगत राहिली की तिच्या पूजेमुळे पोरगी डॉक्टर झाली, आणि बायका मला खोकल्यावर औषध विचारू लागल्या.

जुडगा घर बदलताना फुटला. प्रबंधाची एक टंकलिखित प्रत माझ्या कपाटात आहे. शेवटची चार पानं वाळवीने खाल्ली, बाकीची वाचता येतात.