दलसुखभाईंनी कधीच न विचारलेला प्रश्न

अमरेलीत भाड्याची गाडी हवी असेल तर आधी दलसुखभाई गोहेलांशी वीस मिनिटं गप्पा माराव्या लागतात. मधले तीन महिने तेवढे वजा करा. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांच्या दुकानाला भिंतीला भिंत लावून आहे, त्यामुळे एकतीस वर्षं त्यांचे फोन मी इच्छा नसताना ऐकत आलो आहे. आधी जय श्रीकृष्ण. मग गुडघे, मग म्हैस व्यायली का, मग थोरल्याचं सुरतेत कसं चाललंय. चहा पार निवला की सहज आठवल्यासारखं, "बरं, कितीपर्यंत येऊ?"

"सोमनाथपर्यंत ये," असं पलीकडून यायचं आणि गाडी ठरायची.

'कुठे' हा शब्द त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेला नाही. निघणाऱ्याला 'कुठे' विचारलं की काम फिसकटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. विचारलंच कुणी, तर माणूस मागे फिरतो, बसतो, पेलाभर पाणी पितो आणि नव्याने निघतो. दलसुखभाईंच्या वडिलांना एकदा रेल्वेच्या खिडकीतल्या कारकुनाने "कुठलं तिकीट?" म्हटलं, तर ते तिकीट न काढता घरी आले आणि चुलत्याचं लग्न चुकवलं. घरंदाज माणसं.

गाडी एकच, पांढरी, सात जणांची. कुणाला वळणावर मळमळतं, कुणाला पुढचीच सीट लागते, कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही, हे सगळं दलसुखभाईंच्या डोक्यात. अंगातल्या सफारी सूटच्या खिशात दोन पेनं असतात, त्यातलं एकही चालत नाही. लिहायची वेळच कधी आली नाही.

दिवाळीत त्यांचे जावई आले. केयूरकुमार, अहमदाबादेत कंप्युटरच्या कंपनीत. त्यांनी करंजीसारखे सहा घुघरे खाल्ले आणि सासऱ्यांचा एक फोन घड्याळ लावून ऐकला.

"पप्पा, एका बुकिंगला बावीस मिनिटं?"

"कुमार, काशीबा होत्या. दर पौर्णिमेला सोमनाथला नेतो त्यांना."

"त्यात कामाचं बोलणं किती सेकंदांचं?"

दलसुखभाई बोटांवर मोजायला लागले. असा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या नंबरावर एआयवाली बाई बसली. फोन ती घेणार, पाच प्रश्न विचारणार आणि उत्तरं जुळली तरच गाडी नक्की करणार. आवाज असा गोड की दात दुखावेत. पहिला प्रश्न होता, "नमस्कार, आपल्याला कुठे जायचं आहे?"

दलसुखभाईंचा चेहरा उतरला. "कुमार, हा पहिला प्रश्न जरा..."

"पप्पा, टॅक्सीवाल्याचा दुसरा कुठला प्रश्न पहिला असणार?"

दुकानामागेच घर, तिथल्या पडद्याआडून मुक्ताबेनने, म्हणजे दलसुखभाईंच्या बायकोने, डोळे वटारले. जावई गेल्यावर म्हणाली, "हौसेने बसवून दिलंय त्यांनी. तुम्ही नको म्हणाल, आणि टोमणे कोण ऐकेल? माझी लेक, पूर्वी, ऐकेल. चौथा महिना चालू आहे तिला." विषय संपला. आमच्याकडे देवाला नाही म्हणता येतं, जावयाला नाही.

पुढच्या पौर्णिमेआधी काशीबांनी फोन केला. बाईने विचारलं, कुठे. काशीबांनी फोन ठेवला, पाटावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि नव्याने फोन केला. बाईने पुन्हा तेच विचारलं.

"चार पेले पाणी प्यायले रे भाई," त्या मला दुकानात येऊन म्हणाल्या. "मग पोटच गडगडायला लागलं. म्हटलं, महादेवालाच नको असेल मी."

एकोणीस वर्षांत त्यांची पहिली पौर्णिमा हुकली. पुढच्या पौर्णिमेला त्या स्टँडसमोरच्या भरतच्या गाडीने गेल्या. भरत काहीच विचारत नाही, कारण त्याच्या कानात कायम गाणी असतात.

दर रविवारी कुमारांचा अहवाल यायचा. "पप्पा, एकसष्ट फोन आले, त्यातले अठ्ठावन्न पहिल्याच प्रश्नाला गळाले. बघा, किती फालतू लोक तुमचा वेळ खात होते."

"हो ना, कुमार."

त्या फालतू लोकांनीच या माणसाचं घर एकतीस वर्षं चालवलं होतं. मला इतका राग आला की एका ग्राहकाच्या घड्याळाचा काटा वाकला. "तो फोन विहिरीत फेका," मी म्हणालो.

"विहिरीतूनही ती विचारील," दलसुखभाई म्हणाले.

गाडी ते दिवसातून दोनदा पुसायला लागले. ती नव्यासारखी चमकायची, आणि ते बघून मला वाईट वाटायचं. एकदा काच पुसता पुसता म्हणाले, "विकून टाकू का?" मी दुसरं फडकं घेऊन मागची काच पुसायला लागलो.

माघात अहमदाबादला पूर्वीचं 'श्रीमंत' झालं, म्हणजे सातव्या महिन्याची ओटी. आता ती माहेरी यायची होती. तिच्या सासूबाई, कुसुमबेन, म्हणजे मांजर आडवं गेलं म्हणून मुलाची वरात तासभर उन्हात उभी करणारी बाई. त्यांनी दलसुखभाईंच्या घरच्या फोनवर कळवलं की गुरुवारी दहा वाजून अकरा मिनिटांनी चौघडियाचा चांगला मुहूर्त आहे, तेव्हाच फोन करून गाडी बोलावीन.

दलसुखभाई मधाळ आवाजात म्हणाले, "वेवाण, गाडीचं तेवढं दुकानाच्या नंबरावर सांगा. कुमारांनी केलेली व्यवस्था आहे. तिचा मान आपणच नाही ठेवायचा, तर कोणी?"

मी कपाळावर हात मारला. पुढचं पूर्वीनेच नंतर फोनवर हसत हसत सांगितलं.

तिला पाटावर बसवलं होतं, ओटीत नारळ. दहा वाजून अकराला कुसुमबेननी फोन लावला. बाईने विचारलं, कुठे. कुसुमबेननी फोन ठेवला आणि घरभर सगळ्यांना पाणी पाजलं, कुमारांनासुद्धा. पुन्हा फोन. पुन्हा कुठे. पुन्हा पाणी. तिसऱ्यांदा त्या मुलाकडे वळल्या.

"केयूर, पोटुशी पोर निघायची आहे आणि ही बया तोंड उघडते ती कुठे म्हणून. हिला हिच्या आईने काही शिकवलं नाही?"

"मम्मी, तिला आई नाही." कुमारांनी हातातला पेला खाली ठेवला. "तिला मीच शिकवलंय."

अकराच्या आत दलसुखभाईंना त्यांचा फोन आला. "पप्पा, ते मी काढून टाकतोय. जरा टेक्निकल प्रॉब्लेम आहे."

"अरेरे," दलसुखभाई म्हणाले, "इतकं छान चाललं होतं." आवाजात इतकं खरं दुःख होतं की मी भिंतीपलीकडून वाकून बघितलं. ते गाडीच्या आरशात भांग पाडत होते.

"मुद्दाम केलंत ना?"

"जावयाला नाही म्हणता येत नाही," ते शांतपणे म्हणाले. "त्याच्या आईला येतं."

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. कुसुमबेनच होत्या. जय श्रीकृष्ण झालं, गुडघे झाले, लोणच्याच्या बरणीवरची बुरशी झाली. मी घड्याळ लावलं होतं, सव्वीस मिनिटं भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. सफारीला इस्त्री, पुढच्या सीटवर उशी, मळमळलं तर म्हणून लिंबं. गाडी सुरू झाल्यावर मी पायरीवर येऊन नेहमीसारखं विचारलं, "कितीपर्यंत, दलसुखभाई?"

त्यांनी शेजारच्या सीटवरची उशी सारखी केली.

"पूर्वीपर्यंत," ते म्हणाले.