पाणक्याचा चेहरा

खळकाकांचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण ते वाचायची वेळ कोणावर येत नसे. जुन्या चित्रांच्या संग्रहालयात, तळमजल्यावरच्या दुरुस्तीच्या खोलीत, ते एकतीस वर्षं खळ शिजवत होते. फाटक्या चित्राला मागून पातळ कागदाचं अस्तर लावायला खळ लागते, आणि ती गुठळ्या न होऊ देता शिजवणं हे कोणा सोम्यागोम्याचं काम नाही, असं ते येताजाता ऐकवायचे. तेव्हा नाव पडलं ते पडलंच.

माणूस कामाला चोख. खोलीत नियम एकच, तोही त्यांनीच घातलेला: "दिसतं तेवढंच. आपल्या मनचं काही काढायचं नाही." चित्राला भोक असेल तर तेवढा कागद भरायचा, रंगाला रंग मिळवायचा. तुटलेल्या रेघेची दोन्ही टोकं दिसत असतील तर जोडायची, नसतील तर जागा कोरी सोडायची. एका हुशार सहकाऱ्याने एकदा कसरीने खाल्लेल्या घोड्याला स्वतःच्या डोक्याने शेपूट काढलं, तर काकांनी ते खोडून काढलं आणि त्याच्याशी महिनाभर अबोला धरला. कागदाशी एवढ्या खरेपणाने वागणारा माणूस घरी काय करून बसला होता, याचा त्या खोलीत कोणाला पत्ता नव्हता.

घरी त्यांची मुलगी होती, चौतीस वर्षांची. ती एकोणीस वर्षांची असताना गल्लीतला एक माणूस तिच्या मागे लागला होता. प्रेमबीम काही नाही. शिवणाच्या वर्गाला जाताना मागे, येताना मागे, एकदा जिन्यात मनगट धरलं आणि म्हणाला, "माझी नाही झालीस तर कोणाचीच होणार नाहीस." पोलिसांनी ते वहीत लिहून घेतलं आणि वही मिटली. एका दुपारी ती धापा टाकत घरी आली, दाराला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, काहीतरी करा. मला कुठेतरी लपवा."

काकांनी केलं. आठवड्याच्या आत त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. वर्ग बंद, मैत्रिणी बंद. रस्त्याकडच्या खिडकीच्या काचांना आतून खाकी कागद लावला, तोही स्वतः शिजवलेल्या खळीने. आजतागायत त्याचा एक कोपरा सुटलेला नाही. मुलगी घरी बसून शिवू लागली. कापड आणायचे काका, शिवलेलं पोचवायचेही काकाच.

अशी चार वर्षं गेली. मग तिची आई आजारपणात गेली, आणि त्याच्या दोनच महिन्यांनी जुन्या गल्लीतला इस्त्रीवाला काकांना बाजारात भेटला.

"कळलं का तुम्हाला? तुमची पीडा टळली," तो म्हणाला. "ट्रकखाली आला तो. जागीच गेला."

काकांच्या जिवात जीव आला. घरी गेल्या गेल्या हेच सांगायचं म्हणून ते भराभर जिना चढले. दार उघडलं तर पोरीने घर लख्ख आवरलेलं, जेवण तयार, त्यांचा सदरा घडी करून ठेवलेला. काका चपला काढता काढता थांबले. ही आता बाहेर पडणार, कुठे कामाला लागणार, मग कोणाचा तरी हात धरून जाणार, आणि आपण या दोन खोल्यांत भिंतींशी बोलत बसणार. आज राहू दे, उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. उद्याचा परवा झाला. पंधरवड्याने भाजी निवडता निवडता तिनेच विचारलं, "बाबा, तो अजून दिसतो का हो?"

"दिसतो," काका म्हणाले. "अधूनमधून."

तिने परत कधी विचारलं नाही. त्या एका शब्दावर अकरा वर्षं निघाली. काकांना दुष्ट म्हणावं, तर ते तिच्यासाठी आठवड्याला मासिकं आणायचे, तिला साधा ताप आला तरी उशाशी बसून राहायचे. पण मेलेल्या माणसाला पहाऱ्यावर उभा करणाऱ्याला भला तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं?

एका सकाळी संग्रहपाल बाई एक चित्र घेऊन खाली आल्या. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं, तीनशे वर्षांपूर्वीचं, केसासारख्या रेघांनी गच्च भरलेलं. एक मुलगी जीव घेऊन पळते आहे. मागे एक तरणाबांड गडी, त्याचा हात तिच्या कमरेला लागलाच आहे. आणि पळता पळता तिचं झाड होतं आहे. वर फेकलेल्या बोटांना पानं फुटली आहेत, एका पावलाची बोटं मातीत शिरली आहेत, साल पोटापर्यंत चढली आहे. तोंड तेवढं अजून माणसाचं आहे, आणि ते उघडं आहे. डाव्या कोपऱ्यात कलंडलेल्या मडक्याला टेकून एक दाढीवाला म्हातारा बसला आहे. त्याच्या चेहऱ्याच्या जागी भोक होतं.

"बाकी ठीक आहे," काका भिंगातून बघत म्हणाले. "कसरीने या पाणक्याचं तोंड तेवढं खाल्लंय."

बाई खळखळून हसल्या. "पाणक्या कसला हो काका! ग्रीक पुराणातली गोष्ट आहे ही. हा नदीचा देव, मडक्यातून वाहतेय ती त्याची नदी. आणि ही पळतेय ती त्याची मुलगी."

"बाप आहे? मग असा बसून काय राहिलाय?"

"अहो, त्यानेच तर वाचवलं तिला. तो मागचा काही केल्या पाठ सोडेना, तेव्हा तिने बापाला हाक मारली. मला लपवा, माझं रूप बदला, म्हणाली. म्हणून त्याने तिचं झाड केलं."

काकांनी भिंग खाली ठेवलं. "आणि मागचा? त्याचं काय झालं?"

"त्याने तिची पानं तोडून डोक्याला बांधली आणि गेला आपल्या वाटेने."

"गेला ना? मग तो गेल्यावर बाप तिला परत मुलगी नाही करत?"

बाई पुन्हा चित्रावर वाकल्या. "इतकी वर्षं सांगतेय ही गोष्ट, पण हे कोणी विचारलं नव्हतं. नाही करत."

"का?"

"गोष्टीत नाही ते, काका." मग त्या कामाचं बोलल्या. याच चित्राची दुसरी प्रत एका परगावच्या संग्रहात धडधाकट होती. तिचा फोटो आठवड्याभरात येणार होता, तो बघून चेहऱ्याच्या रेघा भरायच्या होत्या.

काकांनी चित्र पाण्यात घालून धुतलं, मागचा जुना डिंक सोडवला, अस्तर लावलं, भोकात नवा कागद बसवला. हात सवयीने चालत होते, पण मन त्या कोऱ्या ठिपक्यावरून हलत नव्हतं. चौथ्या दिवशी सगळे जेवायला गेले असताना त्यांनी टोकदार पेन्सिल उचलली. शेपटासाठी महिनाभर अबोला धरणारा हा माणूस. त्याने म्हाताऱ्याला मिटलेले डोळे काढले, कपाळाला आठ्या काढल्या, गालावर दोन थेंब काढले. बिचारा दुसरं करणार तरी काय होता, असं म्हणून काकांनी सुस्कारा सोडला. त्यांना फार हलकं वाटलं.

फोटो आला. बाई तो टेबलावर ठेवून वर गेल्या.

फोटोतला म्हातारा रडत नव्हता. तो मुलीकडे बघतही नव्हता. गाल तळव्यावर टेकलेला, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, ओठाचा कोपरा जरासा वर गेलेला. दाराला आतून कडी घालून, पोटभर जेवून, आडवं व्हायच्या बेतात असलेल्या माणसाचा चेहरा होता तो. काकांनी भिंग लावून एकेक रेघ तपासली. कुठेही दुःखाची एक रेघ नव्हती. आपला चेहरा अकरा वर्षं रोज रात्री असाच असणार, हे त्यांना कळलं आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाज चढली. पेन्सिलीचे थेंब, आठ्या, डोळे, सगळं त्यांनी खोडलं. ती जागा कोरीच ठेवली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते घरी निघाले.

मुलगी यंत्रावर बाही जोडत होती. "लवकर आलात? बरं नाही का?"

"तो मेला," काका दारातच म्हणाले.

तिने हाताने यंत्राचं चाक थांबवलं. कोण, असं विचारलं नाही. "कधी?"

'मागच्या आठवड्यात' हे काकांच्या ओठांवर आलं होतं. खपूनही गेलं असतं, तिला कोण सांगणार होतं? ते भिंतीला धरून खाली बसले. "आई गेली ना, त्याच वर्षी."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा..."

"हो."

"तुम्ही दिसतो म्हणालात."

"म्हणालो."

ती ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. ती उठली, कपड्यांवरचे दोरे झटकले, दाराशी गेली आणि खाली बघत राहिली. तिथे चपलांचा एकच जोड होता, त्यांचा. तिच्या चपलेचा अंगठा तुटला त्याला किती वर्षं झाली, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. सुया आणल्या, मासिकं आणली, औषधं आणली, पण चपला आणायचं काकांच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिने त्यांच्या चपलांत पाय घातले आणि दार उघडलं.

"थांब, मी येतो."

"नको."

मोठ्या चपला जिन्यावर फटक फटक वाजत उतरल्या. एक मजला, दुसरा, तिसरा. मग आवाज थांबला. काका श्वास रोखून ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने फटक फटक परत वर आलं, खूप हळू. घामाने तिचा चेहरा ओला झाला होता. ती आत आली नाही. उंबऱ्यावर, जिन्याकडे तोंड करून बसली.

"खालच्या दारापर्यंत गेले," ती म्हणाली. "पुढे पाय उचलेचना."

"उद्या मी हात धरून नेतो तुला. सवय होईल हळूहळू."

ती मागे वळली नाही.

"तेवीस वर्षांची होते मी," ती म्हणाली. "तेव्हा चालता येत होतं मला."