बनियनवरचा पाहुणा

तुम्हाला मारायला कोण टपलं आहे, असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. निघण्याच्या आठवडाभर आधी एका फॉर्मने ते विचारलं.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. सहा मशिनं, सात बायका आणि वॉचमनचे गणवेश, एवढाच आमचा धंदा. अंधेरीत सोसायटीच्या दारात निळा शर्ट दिसला की तो आमच्याकडचा असण्याची बरीच शक्यता. पण एजन्सीवाले हल्ली तयार कपड्यांकडे वळले आणि आमची अर्धी मशिनं झाकलेली राहू लागली. तेवढ्यात आखातातल्या एका सुरक्षा कंपनीने गणवेशाचा नमुना मागवला. तिथल्या परवाना कार्यालयाने तो पास केला तर गाळा चालू, नाही तर नाताळानंतर कुलूप, हे मी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. मग नमुना कुरियरने पाठवायची हिंमत होईना, मीच घेऊन निघाले.

कामासाठी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला परवानाधारक रक्षक घ्यावाच लागेल, असा त्या कंपनीचा नियम. त्यासाठीचा तो फॉर्म. ‘आपले ज्ञात शत्रू’ या रकान्यात मी ‘कुणी नाही’ लिहिलं, तर फॉर्म पुढेच सरकेना.

“आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव टाक गं फिलू,” काजं करणारी रोझीमावशी म्हणाली. “सगळ्यांना पुरून उरतो मेला.”

शेवटी वैतागून मी लिहिलं, ‘बाजूच्या गाळ्यातला कंप्रेसर’. दिवसभर धडधडून त्याने माझं डोकं उठवलं होतं, त्यामुळे खोटं काहीच नव्हतं. फॉर्म मुकाट्याने पुढे गेला.

तिथल्या विमानतळावर नावांच्या पाट्या घेऊन माणसं उभी होती. त्यात एकाची पाटी कोरी होती. पाहुण्याचं नाव चारचौघांत उघड करायचं नाही, हा नियम मला नंतर कळला. मी त्याला ओळखलं ते त्याच्या गणवेशावरून. खांद्याची पट्टी इतकी वाकडी लावली होती की असला शर्ट मी गाळ्याबाहेर जाऊ दिला नसता.

त्याने कागद काढून गंभीरपणे हिंदीत विचारलं, “मॅडम, कंप्रेसर या वेळी कुठे आहे?”

“मरोळला.”

“एकटाच?”

“मालक असतो सोबत.”

त्याने ते लिहून घेतलं. मग पेन थांबलं. “मरोळ म्हणजे आपल्या अंधेरीचं?” तो एकदम मराठीत म्हणाला. “माझी खाला राहते तिथं. मी इक्बाल परकार, खेडचा.”

खेडचा माणूस भेटल्यावर मी निर्धास्त झाले आणि सवयीने बॅग त्याच्यापुढे सरकवली. तो दोन पावलं मागे गेला. रक्षकाचे दोन्ही हात मोकळे हवेत. तेव्हा मी नमुन्याची बॅग ओढत मागून, आणि हा सहा फुटी गडी हात हलवत पुढे, अशी आमची वरात निघाली. येणारेजाणारे त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती पाहून मलाच त्याची दया आली.

गाडीतून पाहिलेला देश सांगायचा तर वाळू, मग काच, मग पुन्हा वाळू. मधे एका वळणावर समुद्र दिसला, हिरवानिळा आणि इतका शांत की कुणी दटावून बसवला असावा. मी म्हटलं, “इक्बाल, दोन मिनिटं थांबू या ना.”

“रस्ता बदलायचा तर आदल्या दिवशी अर्ज लागतो, ताई.”

“रस्ता कुठे बदलतोय? थांबतोय.”

“थांबण्याचा अर्ज वेगळा.”

हॉटेलशेजारच्या खानावळीत मी मजबूस (मसाल्याचा भात, त्यावर अख्खी कोंबडी) मागवला. इक्बाल माझ्या खुर्चीमागे उभा. मी पहिला घास उचलला आणि पुन्हा ताटात ठेवला. आमच्या गावठाणात नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही चहा घेतल्याशिवाय कुणी सोडत नाही. इथे एक माणूस माझ्या मानेवर श्वास सोडत उभा आणि मी कोंबडी फोडतेय!

“बस रे, दोन घास खा.”

“पाहुण्यासमोर खायचं नाही, ताई. पाहुण्यासमोर बसायचंही नाही. परवाना जाईल माझा.”

मग मीही उभी राहिले. त्याला एकट्याला अवघडल्यासारखं नको, म्हणून उभ्यानेच खाऊ म्हटलं. पण पाहुणा उठला म्हणजे निघाला, असं त्यांच्या पुस्तकात लिहिलेलं. त्याने वॉकीटॉकीवर दोन शब्द टाकले आणि मी मिठाकडे हात नेईपर्यंत गाडी दारात उभी. भात तिथेच राहिला. गाडीत मी त्याच्यावर चिडले, मग नियमांवर, आणि नंतर दुपारभर भुकेवर.

दुसऱ्या दिवशी परवाना कार्यालय. दारावर माझ्या पर्समधली कात्री, सुई आणि टाचण्या काढून घेतल्या. आत एक पांढऱ्या झग्यातले, अगदी सज्जन अधिकारी. त्यांनी मला खजूर आणि गाहवा (वेलदोडा घातलेली फिकी कॉफी) दिली, घरच्यांची चौकशी केली आणि मग अडचण सांगितली. शर्ट अंगावर घातलेला पाहिल्याशिवाय पास करता येत नाही. आणि सुरक्षेचा गणवेश परवानाधारक रक्षकाशिवाय कुणी अंगात घालायचा नाही.

मी इक्बालकडे बोट दाखवलं.

“तो ड्युटीवर आहे. ड्युटीवर कपडे बदलता येत नाहीत.”

पुढची तारीख तीन महिन्यांनी होती. तीन महिन्यांनी पास झालेला शर्ट शिवायला आमच्याकडे बाई राहिली नसती. तेव्हा इक्बाल हळूच म्हणाला, “साहेब, माझी जेवणाची अर्धा तास सुट्टी बाकी आहे. सुट्टीत मी ड्युटीवर नसतो.”

अधिकाऱ्यांनी पुस्तक चाळलं. पाहुणा सरकारी इमारतीत असेल तर चालतं, असं निघालं. घड्याळ लावून इक्बाल आत गेला आणि आमचा शर्ट घालून आला. काय सांगू, झकास दिसत होता. अधिकारी त्याच्याभोवती एक फेरी मारून आले, कडेची शिवण चिमटीत धरली आणि थबकले.

“आत हे काय आहे?”

“दोन बोटं जादा कापड.”

“कशासाठी?”

आता हे काय विचारणं झालं? आमच्याकडे वॉचमन सोडून जातो, शर्ट मागे राहतो. नवा येतो तो जाड असतो. शिवण उसवायची, सैल करायची, झालं. जादा कापड न सोडता शर्ट शिवला तर रोझीमावशी त्याला शर्टच म्हणणार नाही. हे सगळं मी मोठ्या अभिमानाने सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. तिथे गणवेश एकाचाच. माणूस गेला की जाळायचा, सैल करणं गुन्हा. शिवाय शिवणीत जागा म्हणजे वस्तू लपवायची सोय.

“माणूस जाडा झाला तर?” मी विचारलं.

“त्याने तसा अर्ज करावा.”

त्यांनी लाल पेन उचललं. मी हात जोडले. “आत्ता काढते साहेब, पाच मिनिटं द्या. इक्बाल, शर्ट काढ!”

इक्बालने शर्ट काढला आणि बनियनवर उभा राहिला. अधिकारी ताडकन उठले. गणवेश नाही म्हणजे रक्षक नाही, आणि रक्षक नाही तर हा अनोळखी इसम या कार्यालयात आलाच कसा? त्याने स्वतःचा शर्ट चढवावा, तर ड्युटी सुरू, मग नमुना पुन्हा घालता येणार नाही. अधिकारी आणि इक्बाल दोघं बराच वेळ पुस्तकात डोकं घालून बसले. शेवटी अधिकाऱ्यांनी एक पास लिहिला आणि बनियनला टाचला. ‘पाहुणा. सोबतची जबाबदार व्यक्ती’, आणि पुढे माझं नाव. म्हणजे आता कागदोपत्री मी इक्बालची रक्षक होते.

पाहुणा म्हटल्यावर अधिकाऱ्यांनी त्याला खुर्ची दिली आणि खजुरांची बशी पुढे केली. इक्बालने माझ्याकडे पाहिलं.

“खा रे,” मी म्हटलं. “पाहुणा आहेस माझा.”

तो बसला. पहिला खजूर त्याने चोरून खाल्ल्यासारखा खाल्ला, दुसरा जरा धीराने, मग अधिकाऱ्यांनी खुब्ज (मोठी भाकरी) आणि चीज मागवलं. तो खेडच्या घराबद्दल बोलत बसला, आणि मी खाली गालिच्यावर फतकल मारून शिवणीचं कापड दाताने तोडत, टर्रर्र फाडत होते. शिंप्याच्या कामाला दात लागतात हे त्या कार्यालयाने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. इतका आनंद मला त्या साऱ्या प्रवासात झाला नाही.

चार मिनिटं उरली असताना त्याने शर्ट पुन्हा घातला. अधिकाऱ्यांनी शिवण चिमटीत धरली, आत काही लागलं नाही. शिक्का बसला. इक्बालने कपडे बदलले आणि पुन्हा माझ्या खुर्चीमागे उभा राहिला, जणू आमची ओळखच नव्हती.

परत आले तेव्हा गाळ्यात पेढे वाटले. सहाही मशिनं सुरू झाली. फक्त जादा कापड सोडायचं नाही, हे सांगितल्यावर रोझीमावशीने पाय मशिनवरून काढला.

“आणि पोट सुटलं बिचाऱ्याचं तर?”

“अर्ज करील.”

तिने कापड कापलं, पण तो सगळा दिवस ती माझ्याशी तुटक वागली. मला लाज वाटली, तरी ऑर्डर मी तशीच पुरी केली.

पहिला माल पोचल्यावर इक्बालचा मेसेज आला. ‘ताई, तुमच्या गाळ्यातला शर्ट मिळाला. खांदा एकदम सरळ. फक्त आता अर्ध्या भाकरीवर उठतो, बटण ताणलं की साहेब विचारतात.’

मी लगेच लिहायला घेतलं, ‘पोटभर जेव रे, शर्ट फाटला तर फाटू दे.’ मग आठवलं, शर्ट फाटला तर जबाबदारी शिवणाऱ्याची, हे मीच सही करून आले होते. शेवटचे पाच शब्द मी खोडले आणि उरलेलं पाठवून दिलं.