सनबर्स्ट आणि पांढरा

माझी बास गिटार मी माझगावला घेतली, डॉकयार्डच्या मागच्या गल्लीतल्या एका जुन्या घरात. घरमालक एक ख्रिश्चन म्हातारा होता, जन्मभर हॉटेलच्या बँडमध्ये वाजवलेला. मुलीकडे कॅनडाला कायमचा निघाला होता, म्हणून सामान काढत होता. दोन बास त्याने पलंगावर मांडून ठेवले होते, लग्नाच्या बस्त्याला साड्या अंथरतात तसे.

एक फिका हिरवा. त्या हिरव्यात थोडा निळा, थोडा राखाडी, आणि वर, तारांखाली, पांढरी प्लेट. दुसरा सनबर्स्ट, म्हणजे कडेला काळपट, मग लालसर आणि मध्यभागी मधासारखा पिवळा. त्याची प्लेट कासवाच्या पाठीच्या नक्षीची, तपकिरी.

"हिरवा लो ना," म्हातारा म्हणाला. "ब्राऊन सब लेते हैं. फर्निचर जैसा दिखता है, घरवाले कुछ बोलते नहीं."

मी ब्राऊनच घेतला. लालबागच्या चाळीत घेऊन आलो तर घरचे बोललेच. आई मालवणी, वडील गिरणीत. आई म्हणाली, "ह्यां काय हाडलंस रे? चार तारांत काय वाजतला?" तिला वाजवून दाखवलं. तिने कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "आवाज खंय हा?" तिचंही बरोबर होतं. स्पीकर नसला की बास घरात ऐकूच येत नाही. आणि स्पीकर असला तरी बहुतेकांना ऐकू येतो तो फक्त बंद पडल्यावर, जेव्हा गाणं एकदम पोकळ वाटायला लागतं.

त्या बासवर मी सगळी उमेदीची वर्षं काढली. जुन्या गाण्यांचे ऑर्केस्ट्रा, मंडळांचे प्रोग्रॅम, लग्नं, दादर-गिरगावची नाट्यगृहं. आमचा ड्रमर वरळीच्या बीडीडी चाळीतला, माझ्याच वयाचा. प्रोग्रॅमच्या आधी थिएटरमागे चहा पीत आम्ही रंगांवरून भांडायचो. त्याचं म्हणणं, बास लाल असावा, चमकीचा, आगीच्या बंबासारखा. मागे उभा असतोस, निदान दिसशील तरी.

मला लाल कधी आवडला नाही. काळा आवडायचा, पण पांढऱ्या प्लेटसह. नुसता काळा म्हणजे छत्री. नुसतं पॉलिश केलेलं लाकूड पाहिलं की बिचारा उघड्या अंगाने स्टेजवर आलाय असं वाटे. फिका आकाशी चालायचा, चुन्यात नीळ जरा जास्त पडल्यावर चाळीच्या भिंतीला येतो तसा. पांढरा मात्र नवा नको. जुना होऊन पिवळा पडलेला, हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखा झालेला असेल तर त्याच्याइतका देखणा दुसरा नाही. आणि वरचं लॅकर पातळ हवं. हल्लीच्या जाड चकचकीत थराखाली लाकूड बरणीत कोंडल्यासारखं दिसतं. माझ्या सनबर्स्टचं लॅकर जिथे उजवा हात टेकायचा तिथे झिजलं होतं, बारीक रेघा पडल्या होत्या. त्या मला पाठ होत्या.

वय वाढलं तसा तो माझगावचा हिरवा जास्त आठवायला लागला. एकदा बायकोला त्या रंगाचा फोटो दाखवला. ती म्हणाली, "अहो, हा सरकारी इस्पितळाच्या भिंतीचा रंग." मी म्हटलं, "तोच तर." तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, मला काय म्हणायचं होतं ते तिला कळलं नाही. मलाही नीट सांगता आलं नसतं.

काम एकदम गेलं नाही. आधी कीबोर्डवाला डाव्या हाताने कीबोर्डवरच बास वाजवायला लागला. मग लॅपटॉप आला, त्यात सगळंच तयार. फोन कमी झाले, नंतर फक्त गणपतीत यायचे, नंतर गणपतीतही नाही. मी रोज संध्याकाळी खिडकीशी बसून वाजवायचो. स्पीकरशिवाय, नुसत्या तारा.

अशात गेल्या वर्षी एका मुलीचा फोन आला. इव्हेंट कंपनीत होती, बोलायला अगदी मर्यादशील. दादरला जुन्या गाण्यांचा मोठा कार्यक्रम होता आणि त्यांना बासवाला हवा होता. माझं नाव ड्रमरने दिलं होतं. तिने बासचा फोटो मागितला. मी सनबर्स्ट पुसून, उजेडात ठेवून फोटो पाठवला.

"काका, मस्त आहे, पण अँटिक वाटतो," ती म्हणाली. "एलईडी स्क्रीनसमोर ब्राऊन दिसतच नाही. तुमच्याकडे व्हाइट आहे का?"

"नाही."

"काही हरकत नाही, आम्ही अरेंज करतो. सगळा बँड व्हाइटमध्ये आहे."

मला वाटलं, चला, पांढरा तर पांढरा. वाजवायला तर मिळतंय. गाणी जुनीच होती, तरी मी सगळी पुन्हा बसवली.

कार्यक्रमाच्या दिवशी थिएटरवर पोचलो तर माझ्या जागेवर एक नवाकोरा पांढरा बास स्टँडवर उभा होता. तारांवरचं तेलही गेलं नव्हतं. गळ्यात घातला आणि केबल शोधायला लागलो. साउंडवाला म्हणाला, "काका, केबल नाही. सगळं रेकॉर्डेड ट्रॅकवर आहे. सिंगर फक्त लाइव्ह."

मी मागे पाहिलं. ड्रमर पांढऱ्या ड्रम्समागे पांढऱ्या सदऱ्यात बसला होता. ड्रम्सच्या आत कापड कोंबलेलं.

"तुला माहीत होतं?"

"किती दिवस हेच करतोय," तो म्हणाला. "हात हलवायचा. दुसरं काय."

"मला सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर आला असतास? घरी बसला असतास." मग काठ्या हातात घेत म्हणाला, "घरी बसून मी वेडा होत होतो रे."

पडदा वर गेला. मध्यंतरापर्यंत मी प्रत्येक सूर नीट वाजवला. माझ्या बोटांखाली काहीच आवाज नव्हता आणि स्पीकरमधून कुणीतरी वाजवलेला, किंवा कुणीच न वाजवलेला, स्वच्छ बास येत होता. मी जिथे वर्षानुवर्षं ठेक्याच्या जरा मागे रेंगाळायचो तिथे तो रेंगाळत नव्हता. मग मीच त्याच्याबरोबर जायला लागलो.

मध्यंतरानंतर एका अंतऱ्यात मी तारांवरून हात काढला. अख्खा अंतरा नुसता उभा राहिलो. गाणं चालूच राहिलं. गायिकेने वळून पाहिलं नाही. ड्रमरनेही नाही. पहिल्या रांगेतले लोक टाळ्यांचा ठेका देत होते. मी हात परत तारांवर ठेवला, तेही एक कॅमेरा माझ्याकडे वळत होता म्हणून.

संपल्यावर एक गृहस्थ बायकोला घेऊन मागे आले. माझ्याच वयाचे. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तुमचा बास फार सुरेख लागला. हल्ली असा कुणी वाजवत नाही हो." मी "थँक्यू" म्हटलं. त्यांना माझ्याबरोबर फोटो हवा होता. त्यांच्या बायको म्हणाल्या, "गिटार जरा वर धरा ना, छान आहे." मी वर धरली.

घरी बायकोने विचारलं, "आवाज बरोबर होता ना?" कायम हेच विचारते, कारण साउंडवाले बास नेहमी कमी ठेवतात ही माझी जुनी तक्रार.

"बरोबर होता," मी म्हटलं.

त्यानंतर मला कामं मिळायला लागली, पूर्वीपेक्षा जास्त. गिरगावच्या एका हॉलमध्ये काळा दिला, एका लग्नात सोनेरी, माहीमला एक निळा, ज्याच्या तारांना सूर लावण्याचीही तसदी कुणी घेतली नव्हती. मीही घेतली नाही. संध्याकाळचं खिडकीशी बसणं कधी सुटलं ते सांगता येणार नाही.

यंदा पावसाळा संपल्यावर सनबर्स्टची पिशवी माळ्यावरून काढली. आतलं अस्तर विरघळून लॅकरला चिकटलं होतं. हळू सोडवायला गेलो तर रंगासकट निघालं. मधल्या पिवळ्यावर तळहाताएवढं कोरडं लाकूड उघडं पडलं. बायको म्हणाली, "पॉलिशवाल्याला बोलवू?" तिला वाईट वाटलं होतं, माझ्यापेक्षा जास्त. मी नको म्हटलं. मला खरं तर काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच भीती वाटली. पूर्वी त्यावर एक चरा गेला तर मला दोन दिवस जेवण गोड लागत नसे. पिशवी बंद करून परत माळ्यावर टाकली.

गेल्या आठवड्यात त्या मुलीचा पुन्हा फोन आला. परळला कार्यक्रम आहे. या वेळी ती म्हणाली, "काका, थीम फ्लेक्सिबल आहे. तुम्हाला कुठला कलर आवडतो तो सांगा, तोच आणू."

मी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. मग म्हटलं, "कुठलाही आणा."

फोन ठेवून बायकोला भाजी निवडू लागायला बसलो. गवारीच्या शिरा काढताना तिने माझा डावा हात उलटा करून पाहिला. बोटांच्या टोकांना घट्टे असायचे, चपलेच्या तळासारखे. लग्नानंतर तिला ते खरखरीत लागायचे.

"गेले की हो," ती म्हणाली.

"तारा दाबायला लागत नाहीत आता," मी म्हटलं, आणि पुढची शेंग घेतली.